मार्का

मगदूमांचा काटा रिकामा असतानाही
चाळीस ग्रॅम दाखवतो.
"ताई, मार्केट यार्डात आमचं नाव जाईल," म्हणाले
आणि टेबलावर ठेवून सौद्याला गेले.

चार स्क्रू काढले. आत हळद.
राजापुरी, वाऱ्यानं उडेल इतकी बारीक,
म्हणून पंखा बंद.
स्पिरिटचा बोळा फिरवला तसे
हिरव्या पट्टीवर एकेक जण उघडे पडले,
मोहरीएवढे, काही तिच्याहूनही लहान.

पहिल्यावर आकडा: १८९.
म्हणजे अठरा अब्ज ओहम?
इतका विरोध तर मी या दुकानाचं नाव काढलं
तेव्हा घरातसुद्धा झाला नव्हता.
बोर्ड फिरवला. ६८१. सहाशे ऐंशी.
ठीक.

दुसरा तीन पायांचा, पाठीवर ए सात.
दोनच अक्षरं मावतात, तेवढी लिहिलीत.
मुजावर सरांच्या वहीत ए सात दोनदा आहे:
एका कंपनीचा जोड-डायोड,
दुसरीचा…
पुढची शाई पुराच्या पाण्यात फुटली.

अण्णा हमाल. अक्षर येत नव्हतं,
पण पोत्यावरचा मार्का लांबून ओळखायचे.
चौकोनात म, म्हणजे बसाप्पांची आडत.
तोच चौकोन, तोच म
कराडच्या गाडीतनं उतरला तर धनी वेगळा.
"शिक्का नुस्ता बघू नये, बाय.
पोतं कुठनं आलं, कुठं चाललंय, ते बघावं."

म्हणून तांब्याची वाट धरली.
एक पाय ग्राउंडला, एक पाच व्होल्टला,
तिसरा सिग्नलच्या रेघेवर.
मीटर लावला: शून्य पॉइंट सहा.
उलटा लावला: काही नाही.
जोड-डायोडच. राखणीला बसवलेला, आणि धडधाकट.

मग राहिला त्याच्या शेजारचा.
तपकिरी, दोन्ही टोकं चंदेरी,
अंगावर एक अक्षर नाही.
यांच्यावर कुणीच काही लिहीत नाही.
जागेवर मोजावं तर शेजारीपाजारीही मधे बोलतात;
उचलूनच पाहावा लागतो.
बिनमार्क्याचं पोतं अण्णा पाठीवर घ्यायचे,
दोन पावलं चालायचे, मग सांगायचे,
"हळकुंड न्हवं ह्ये. गड्डा हाय."

कथील वितळलं. चिमट्यानं उचलला.
गळतोय. पोटात केसाएवढी चीर.
किती मायक्रोफॅरडचा होता ते बघणार,
तेवढ्यात शिंक आली.

टेबल झाडलं. चुंबक फिरवला.
फरशीच्या फटीतून एक खडा निघाला,
तोही मोजला.
शेवटी भंगारातल्या तसल्याच काट्यावरून,
त्याच जागेवरचा, तसाच कोरा एक
काढून बसवला.
शून्य.

मगदूम आले. पाचशेचं वजन ठेवलं,
काढलं, पुन्हा ठेवलं.
पिवळ्या बोटांनी नोटा मोजता मोजता विचारलं,
"काय गेलं होतं?"
मी खाली फरशीकडे बघितलं.
"इथंच कुठंतरी आहे," म्हटलं.