शेरा

आष्ट्याच्या शाळेचं मैदान. चौदा वर्षांखालच्या मुली,
तालुका पातळी, दुसरा सामना.
माझ्याकडे गुणपत्रक, दोन पेनं,
आणि वाऱ्यात कागद दाबायला अर्धी वीट.
शेऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’ मी आधीच लिहून ठेवते,
दरवर्षी तेच लिहायचं असतं.

पंच हर्षल लोंढे, वय एकोणीस,
शिट्टीची दोरी अजून पांढरीशुभ्र.
त्यानं बोनस नाकारला.
मागचा पाय जमिनीवरच होता,
मीही पाहिला होता.

फक्कीच्या रेषेपलीकडून आवाज उठला,
‘ए चष्मिस, डोळं गहाण टाकून आलाईस काय?’
‘कुणाचं खाल्लंस रं? सांग की!’
आणि पुढचं, जे पोरींनी ऐकलं
ते मी लिहीत नाही.
स्वरालीचे वडील. एका हातात हेल्मेट,
दुसऱ्या हातानं पंचाकडे बोट.

मी आयोजकांकडे पाहिलं.
ते म्हणाले, बाई, शिस्त शाळेची.
हेडसर म्हणाले, पालक आहेत, मैदानाला मुरूम त्यांनीच दिलाय.
होमगार्ड भडंग खात होता,
पुडी तळाला आल्याशिवाय उठेल
असं त्याच्या जबड्यावरून वाटत नव्हतं.
नियमांचं पुस्तक उघडलं मी.
खेळाडूंनी काय करू नये, त्याची अडीच पानं.
बघ्यांचं पान असलंच, तर माझ्या प्रतीत फाटलेलं.

मग स्वराली चढाईला गेली.
ओठ हलत होते तिचे,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
छाती भात्यासारखी.
हर्षल वाकून, कान पुढे करून ऐकत होता
आणि बापाच्या आवाजाखाली
पोरीचा दम
ऐकूच येईना.

शिट्टी.
दम तुटला. बाद.

ती रडली नाही. वादही घातला नाही.
रेषेपाशी गेली, गुडघ्याची माती झाडली,
म्हणाली, ‘पप्पा, मी म्हणत होते.
तुमच्यामुळं त्यांना ऐकू आलं नाही.’

हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं.
मग ते गाडीपाशी जाऊन उभे राहिले,
सामना संपेपर्यंत, पाठ करून.
मैनुद्दीनचाचांनी फक्कीचं घमेलं आणलं
आणि पुसलेली रेषा पुन्हा मारली,
आधीपेक्षा हातभर मागे.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आम्ही आठ-दहा मोठी माणसं तिथं,
बिल्ले लावलेली, चहा प्यालेली,
आणि बापाला आवरायचं काम
तेरा वर्षांच्या पोरीवर आलं,
तेही बाद झाल्यावर.

‘निरंक’वर काट मारली.
लिहिलं : प्रेक्षकांचा आवाज फार.
थोडं थांबून खाली लिहिलं :
गुणलेखिका गप्प.
सही केली.

संध्याकाळी खुर्च्या उचलताना हर्षल आला,
शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत.
‘मॅडम, तो बोनस… माझं चुकलं नव्हतं ना?’
नाही, म्हणाले मी. चांगलं खणखणीत म्हणाले.
ऐकायला मैदानात
चाचा होते, आणि
खांबाला बांधलेली कुणाची तरी शेळी.