आकडा नाही

टॉडमॉर्डनच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
थिर्झा ओल्डरॉइडची वही.
अठराशे एकोणसत्तर. रोज सकाळी नऊला
तांब्याच्या मापकात साठलेला पाऊस,
इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत.
शाई आता चहाच्या डागासारखी.

मला प्रकरणासाठी एक क्षण हवा होता:
कुणीतरी ओरडतं, हातातली बशी फुटते,
जग बदलतं.
संपादक म्हणाले होते, वाचक त्यावरच पान उलटतो.

थिर्झाकडे तसलं काही नाही.
शून्य पूर्णांक बारा. शून्य पूर्णांक चार.
शून्य पूर्णांक एकतीस, आणि समासात
"दुपारी जेथ्रोला पुरलं."
अक्षर रोजच्याइतकंच नीट.

मग चौदा मार्च:
"हार्डकॅसलांच्या मेंढीनं मापक उलथवलं.
आकडा नाही."

आदल्या दिवसाचा बघून, दुसऱ्या दिवसाचा बघून
मधला बेतून टाकायला
कितीसा वेळ लागला असता?
मेंढीला कोण विचारायला येणार होतं?

त्या रिकाम्या रकान्यावर
मी बराच वेळ बोट ठेवून बसलो.
पाचला बंद करतो, असं बाई दोनदा सांगून गेल्या.

बाहेर भुरभुरत होतं.
किती, ते सांगता येणार नाही.
मोजलं नाही.