बिलिंग पत्ता

दुकान विचारतं, राहता कुठे?
भद्रावती पेठ लिहिलं तर साडेचार हजार,
तुर्कस्तान लिहिलं तर निम्म्याला तोच गेम.

पत्ता कारखान्यातच सापडला,
टॉवेलच्या खोक्यावर, अंबादासमामाच्या ठसठशीत अक्षरात:
इझमीर, दार क्रमांक सोळा.
पिनकोडसकट उतरवून घेतला.

कार्ड दोनदा नाकारलं.
मग कुणा अनोळख्याकडून गिफ्ट कोड.
रात्री अडीचला एक्केचाळीस टक्के उतरला
आणि लाईट गेली;
खालचे मागही एकदम गप्प.

सकाळी पावती आली, सगळी तुर्कीत.
कळलं एवढंच: सायिन गाजुल.
वाटलं, खरंच कुणीतरी राहतो तिथे माझ्या नावाचा,
ज्याला शेंगाचटणी माहीत नाही.

मामाने चष्मा वर करून पत्ता वाचला.
"सोळा नंबरात राहतोस होय?
मग विचार त्याला,
दिवाळीच्या मालाचे पैसे कधी देतोय."