शेरा

वहीला पाच रकाने आहेत.
तिथी. ठिकाण. खारटपणा. गढूळपणा.
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद : शेरा.

तरीच्या धक्क्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
सुतळीने खिळ्याला बांधलेली असते ती.
कुणीही यावं, बाटलीभर खाडी घेऊन,
काचेची नळी पाण्यात तरंगू द्यावी,
आकडा वाचावा, लिहावा, पुढे नाव.
खाडी कुणाच्या बापाची नाही,
मग वहीही नाही,
असं मीच म्हणालो होतो पहिल्या दिवशी,
आणि टाळ्या घेतल्या होत्या.

द्रुपदी खवणेकरचे आकडे सगळ्यात जास्त.
ओहोटीला मुळे काढायला उतरते,
चिप्पीच्या झाडांपासून वरच्या बांधापर्यंत.
भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे,
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
बाकीचे घरी बसतात. ती येते.
सात उलटा काढते.
मी आधी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं.
कोळंबीच्या तळ्यांचं पाणी रात्रीचं सोडतात
हे तिच्याच बाटलीने आम्हाला सांगितलं.

मार्गशीर्षात हर्षद परुळेकरने फोटो काढला.
पाण्याची पातळी दाखवायला, म्हणाला.
पातळी होती तिच्या कमरेशी,
लुगडं ओलं,
आणि तिला ठाऊक नाही.
मोबाईल हातोहात फिरला.
ही नोंद मात्र रोज हवी, कुणीतरी म्हणालं.
हसले. सगळे नाही.
पुरेसे.
मास्तर छपराकडे बघत राहिले.
मी पेन्सिलीला टोक काढत होतो.
टोक आधीच होतं.

ती दारात उभी होती, हातात बाटली.
वळली, पाणी परत खाडीत ओतलं,
उसनं घेतलेलं फेडावं तसं,
आणि गेली.

अकरा दिवस चिप्पीची ओळ कोरी.

आलेख काढते ती नाझनीन सोलकर,
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
काका, म्हणाली, इथे रेघ तुटते.
कारण काय लिहू? नळी फुटली?
तिचा धाकटा भाऊ उंबऱ्यावर बसून
शिंपल्याने शिंपला घासत होता.
हल्ली ती त्याला रोज सोबत आणते.
कधीपासून, ते आत्ता माझ्या लक्षात आलं.
मी आकडे तपासत होतो ना.

मग मी लिहिलं, सगळ्यात रुंद रकान्यात :
नोंद नाही. नळी ठीक. पाणी ठीक.
आम्ही हसलो.
आणि खाली माझं नाव,
न हसलेल्याचं.

हर्षद म्हणाला, मस्करी होती.
मी म्हटलं, फोटो पुसायचा, इथे, सगळ्यांसमोर,
आणि ज्याला ज्याला धाडलास त्याच्या घरी जाऊन.
शिमग्यापर्यंत शेडमध्ये पाऊल नको.
तो म्हणाला, खाडी काय तुमच्या बापाची?
माझंच वाक्य, तोंडपाठ.
म्हणूनच, मी म्हटलं.
पुढचं काही सुचलं नाही.

द्रुपदी मागीलदारी कालवं फोडत होती.
कोयती थांबली नाही.
'तुझी माफी खंयच्या रकान्यात लिवतलस?'
मी गप्प.
'आणि फुडल्या खेपेक कोण हसलो,
तर परत पेन्सिल तासत बसतलस?'
मला वाटलं होतं, तिने ते पाहिलं नसेल.

पौष वद्य अष्टमी. भांग.
शेडमध्ये आम्ही तिघं.
ती आली, बाटली टेकवली, नळी सोडली,
डोळा पाण्याच्या रेषेत आणून आकडा वाचला,
लिहिला. सात उलटा.
शेऱ्यात काहीतरी लिहिलं, हाताआड,
आणि चहा न घेता गेली.

वाचलं :
पाणी गढूळ. बगूया.

गढूळपणाचा रकाना वेगळा आहे.
मी दुरुस्त केलं नाही.