पंप क्रमांक तीन

मशीन पेटीत मावते. पेटी शेजारच्या सीटवर, पट्टा लावून,
आजारी मांजर डॉक्टरकडे न्यावी तशी.
मार्केटपासून पश्चिमेला पंधरा मैल.
(मार्केट हे गावाचं नाव, बाजार नव्हे.
फोनवर आत्याला हे दर वेळी सांगावं लागतं.)

इश्पेमिंगच्या अलीकडे, बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीला पाठ लावून
ऐली कोस्केलाचा पंप.
एक, दोन, आणि कडेला तीन:
बिन-इथेनॉलचं, एक्याण्णव ऑक्टेनचं,
बोटींसाठी आणि बर्फावरच्या गाड्यांसाठी.
पाटी हाताने रंगवलेली. नऊचं पोट जरा जास्तच सुटलेलं.

आधी थोडं वाहू द्यायचं, मग डबा भरायचा.
ती स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून उभी.
ऑक्टोबरचा वारा तळ्यावरून थेट येतो,
कुणाची ओळख विचारत नाही.

शाळेत 'अवरक्त' शब्द आला तेव्हा मला वाटलं होतं,
रक्तातलं काहीतरी कमी असणार.
तो उजेड निघाला, डोळ्यांना न दिसणारा.
कार्बनचा हात हायड्रोजनच्या हातात,
प्रत्येक जोडी आपल्या तालात थरथरते
आणि आपल्या तालाचा तेवढा उजेड गिळते.
मशीन फक्त विचारते: कोणी किती गिळलं?
बेंझीन इतकं, टोल्युइन इतकं, अल्कोहोल शून्य.
दोन मिनिटांत सगळी घरं, कोण कुठे राहतं ते.

एकोणनव्वद पूर्णांक चार.

पुन्हा घ्यायचं, असा नियम.
मशीनचं पोट धुवायचं तेही याच पेट्रोलने,
पुढच्याने मागच्याचा मागमूस काढायचा.
एकोणनव्वद पूर्णांक चार.
हलकं ते उडून गेलंय. टाकीच्या नळीचं झाकण
कुठल्यातरी थंडीत तडकलं असेल.

बार्शीला पंपावर बाबा गाळणकागदावर एक थेंब टाकत.
फुंकर मारायची नाही. दोन मिनिटं थांबायचं.
चांगलं असेल तर कागद कोरा, जणू कोणी आलंच नव्हतं.
रॉकेल असेल तर तेलकट चंद्र.
एकदा चंद्र राहिला. मालक समोर होता.
बाबांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली
आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, ठीक आहे.
रात्री शर्ट भिजवताना आईने विचारलं, हे काय?
काही नाही, म्हणाले.
मी नऊ वर्षांची होते. कागदाला वास येत होता.

"मागवलं कधी होतं?" मी ऐलीला विचारलं.
"रायमोने मागवलं होतं. गेल्या मार्चमध्ये.
एप्रिलमध्ये तो गेला." मग थोड्या वेळाने,
"त्याला नाकानेच कळायचं. तुझं मशीन तारीख सांगतं?"

नाही. तारीख सांगत नाही.

लाल पट्टी नोझलला गुंडाळायची, गाठ नाही, प्लास्टिकची कडी,
एकदा बसली की कापावीच लागते.
फॉर्मवर कारणाच्या रकान्यात तीन ओळींची जागा.
मी एकच लिहिली.

"म्हणजे आता यातून कोणी घेणार नाही?"
"टाकी उपसून नवीन भरेपर्यंत नाही."
"मुदत किती?"
"तीस दिवस."
"तीस," ती म्हणाली. पट्टीवरून बोट फिरवलं,
कडी नीट बसली आहे ना, ते पाहिलं.
"विकत बसायलाच नको होतं मी हे."

मी एक नंबरवरून माझी गाडी भरली.
एकचं सगळं बरोबर होतं, सत्त्याऐंशी म्हणजे सत्त्याऐंशी.
अकरा गॅलन. तिने सुटे मोजून दिले,
वर एक दालचिनीचा पाव, कागदात. मी नको म्हटलं, नियम आहे.
तिने तो पेटीच्या झाकणावर ठेवला आणि आत गेली.

नेगॉनीच्या वळणापर्यंत गाडीत दोन्ही वास होते.
पावती मी घडी करून खिशात ठेवली,
आणि लगेच बाहेर काढून समोर डॅशबोर्डवर, उघडी.