मेरगू आर्ट्स, साखर पेठ

अक्षराला चार रुपये, जोडाक्षराला सहा.
डोक्यावरचा चंद्र मी फुकट देतो,
म्हणून हा शब्द सगळ्यांनाच परवडतो.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा मी सतरा वर्षांचा.
कॉम्रेड चिट्याल सायकलवरून उतरले, चिठ्ठी दिली:
'फाशीवाद गाडून टाका.' दत्त चौकातली भिंत, रात्रीत.
वडील मागावरून उठून बघायला आले,
बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, म्हणाले,
फाशी तर आपल्या चौघांना झाली होती,
त्याचा वाद अजून मिटला नाही का रे?
तेव्हा मी हसलो होतो.

त्याच भिंतीवर दोन वर्षांनी दातारांची माणसं.
शब्द तोच, बाण उलटा:
आणीबाणीत आमच्या काकांना उचललं, ते काय होतं मग?
मी चुना मारून कॉम्रेडना झाकलं.
पुढं झेंडा बदललेले आले, झेंडा विसरलेले आले,
कारखान्याच्या निवडणुकीत तर
चेअरमननं विरोधी पॅनेलला, पॅनेलनं चेअरमनला,
एका आठवड्यात अकरा भिंती.
पोरीची फी त्यातूनच गेली, खोटं कशाला बोलू.

बुधवार पेठेतला अरहंत लिहून घ्यायला नाही,
भांडायला आला.
हा शब्द म्हणे बोटीतून आला.
मग माझ्या आज्याला पाणवठ्यावरून हाकललं
ते कुठल्या भाषेत?
माझ्याकडं उत्तर नव्हतं, चहा होता.
पिऊन तो कप विसळायला उठला. मी म्हटलं, ठेव.
त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

हिरेमठ मास्तर म्हणाले, मुळात शब्दाचा अर्थ मोळी.
काटक्यांची. मध्ये कुऱ्हाड खोचलेली.
मला शाळेतला धडा आठवला,
म्हातारा, त्याची भांडखोर पोरं, एकी हेच बळ.
त्यात कुऱ्हाड नव्हती,
किंवा चित्र काढणाऱ्यानं काढली नव्हती.

नरसव्वा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
मोळीचं सांगितलं तर म्हणाली,
आम्हीपण बांधतो की, पंचवीसची.
चेकर बोटानं दाबतो, छाट म्हणून बाजूला काढतो,
पैसे देत नाही, छाटलेल्या परतही देत नाही.
हा तोच का तुमचा?
चिट्याल शेजारीच होते, हातात आता काठी.
नाही अक्का, हे शोषण. ते वेगळं.
वेगळं कसं, ते सांगेपर्यंत
तिच्या दोनशे विड्या वळून झाल्या.
शेवटी दोरा दातानं तोडत म्हणाली,
म्हणजे तो आला की छाट कुठली ते
चेकर नाही, आपणच दाखवायचं. बोट आपलं.
कॉम्रेड बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग फ्लेक्स आले. ब्रश वाळले.
परवा रात्री दुकान बंद करताना एक पोरगं आलं,
इलाही मिस्त्रींच्या गल्लीत क्रिकेट खेळायचं, त्यातलंच.
शब्द नको, म्हणालं. फक्त खूण.
बोटभर. गेरू चालेल.
मिस्त्रींच्याच गल्लीत, पण सगळ्या दारांवर नाही,
यादी मोबाईलमध्ये आहे.
कशासाठी?
सर्व्हे.
कुणाचा?
काका, तुम्ही दर सांगा.

अक्षर नसलेल्या कामाचा दर माझ्या वहीत नाही.
रंग संपलाय, म्हणालो.
त्यानं पायानं डबा ढकलून बघितला.
भरला डबा वाजत नाही. नाहीच वाजला.
उद्या येतो, म्हणालं,
आणि वाकून नमस्कार केला.

कुलूप लावून दत्त चौकातून घरी निघालो.
भिंतीचा चुना पोपडलाय,
खालून अक्षरं वर आलीत, एकात एक अडकलेली,
कुठलं कुणाचं, लिहिणाऱ्यालाही लागत नाही.
कोपऱ्यातली माझी सही तेवढी
लांबूनही वाचता येते.