आळेपर्यंत

जुलैत मिशिगन सरोवरावरचा वारा
आंबट चेरींना आठवडाभराचीच मुदत देतो.
मग त्या मऊ पडतात, गांधीलमाश्या येतात,
आणि आर्डिथबाई कुंपणावरून हाक मारतात:
"वेस, हात धू. नखंसुद्धा."

मी अकरा वर्षांचा. बादलीमागे पाव डॉलर.
हत्यार एकच, बुचात खोचलेला केसांचा आकडा.
देठाच्या भोकातून आत घालायचा,
जरा फिरवायचा, आणि बी ओढून काढायची,
फळाला कळू न देता.
कोपरापर्यंत लाल ओघळ. त्यावर माश्या.

त्या वर्षी ऐनवेळी कॉर्नफ्लॉवर संपलं.
डबा उलटा करून त्यांनी बुडावर थापा मारल्या,
चिमूटभर धुरळा उडाला, बस.
इकडे चेरींनी स्वतःचंच पाणी सोडलेलं,
साखर विरघळून पातेलं कडेनं गुरगुरायला लागलेलं,
दुकान सहा मैलांवर, आणि रविवार.

फडताळात पार मागे, मेणबत्त्यांच्या खोक्याआड
साबुदाण्याच्या पिठाचा पुडा होता, न उघडलेला.
ओपलबाईंचा.
धाकटी बहीण. तीन घरं सोडून राहायच्या.
बोलणं बंद होऊन माझ्या वयाएवढी वर्षं झालेली.
लोक म्हणायचे जमिनीवरून, काही म्हणायचे एका माणसावरून.
माझ्या आईचं म्हणणं वेगळं:
चर्चमध्ये कुणाच्या तरी मयतीचं जेवण होतं,
दोघींचे चेरी-पाय टेबलावर शेजारीशेजारी,
आणि ओपलबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या,
"कॉर्नफ्लॉवरनं रस गढूळ होतो, ताई.
काचेसारखा पाहिजे."

पुडा हातात घेऊन आर्डिथबाई उभ्या राहिल्या.
पातेलं उतू जायच्या बेतात.
मग म्हणाल्या, मला नव्हे, पुड्याला,
"बरं. ये."

गार रसात कालवून, बारीक धार धरून, डाव न थांबवता.
लिंबू. मिठाची कणी.
बदामाच्या अर्काचे दोन थेंब.
तिसरा पडला तर सगळं साबणासारखं लागतं.
मी म्हटलं, पातळच आहे की.
"गरम असतं तोवर सगळं पातळच वाटतं,
घाईनं आणखी पीठ घालणाऱ्यानं
उद्या करवत घेऊन जेवायला बसावं."
थंड बशीवर थेंब टाकून मधून बोट ओढलं.
वाट तशीच राहिली,
दोन्ही काठ जागच्या जागी.
बशी त्यांनी खिडकीकडे उचलून धरली.
रसातून पलीकडचं कुंपण दिसत होतं, लाल,
खिळ्यांसकट.
बराच वेळ धरली.

संध्याकाळी एक बरणी माझ्याकडे दिली. चिठ्ठी नाही.
"पायरीवर ठेव. बेल वाजवू नकोस."
मी बेल वाजवली आणि पळालो.

तिसऱ्या दिवशी बरणी परत,
धुऊन, पुसून, कठड्यावर ठेवलेली.
आत चेरीची एक बी.
बाकी काही नाही.

आर्डिथबाई बरणी मांडीवर घेऊन बसल्या.
खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत.
"कवळीखाली आली असणार तिच्या!" म्हणाल्या.
"अजून तशीच आहे मेली.
खोट सापडल्याशिवाय घास उतरत नाही."
डोळे पुसले, फोन उचलला.
नंबर पाठ होता.

बी माझी होती.
दुसऱ्या बादलीला आकडा वाकला होता
आणि मी खिडकीतून मालवाहू बोटी मोजत होतो.
सांगणार होतो, दारापर्यंत गेलोही,
पण आत फोनवर पहिल्या मिनिटालाच जुंपली होती,
लिंबू अर्धं की पूर्ण यावरून,
आणि मला वाटलं,
अजून गरम आहे,
थांबावं.